वॉशिंग्टनचं पत्र : कूपरबाईंचा हट्ट



अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळांचा कारभार गावोगावची शिक्षण मंडळं पाहतात. नेमणुका, बदल्या त्यांच्या हाती. एके काळी इथे, राजधानी वॉशिंग्टनमध्ये, काळ्या मुलांच्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. १९५४ पर्यंत तसाच नियम होता.

अशाच एका काळ्या मुलांच्या शाळेत, एम स्ट्रीट हायस्कुलात, अ‍ॅना ज्युलिया कूपर १९०२ मध्ये मुख्याध्यापिका झाल्या. गुलाम आईच्या पोटी १८५८ साली जन्मलेली ही बाई गणितात एम. ए. होती. काळ्या पोरांना सुतारकाम, स्वयंपाक शिकवला की पुरे, असं तेव्हा भलेभले म्हणत. आपल्याकडेही 'कुळवाड्याच्या पोराला इंग्रजी कशाला?' असं विचारणारे होतेच. बाईंनी हातकामाला कमी लेखलं नाही, पण लॅटिन आणि बीजगणित सोडायला साफ नकार दिला. त्यांचे विद्यार्थी हार्वर्डपर्यंत पोचले. तरी शिक्षण मंडळाने १९०६ मध्ये बाईंनाच घालवलं. चार वर्षांनी त्या परतल्या, त्याच शाळेत, साध्या शिक्षिका म्हणून. पद गेलं तरी लॅटिनचा तास त्यांनी सोडला नाही, हे मला फार मोठं वाटतं.

१९१४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटसाठी नाव घातलं. त्या वेळी तिथेच आपल्या साताऱ्याच्या शाळेतले भीमराव आंबेडकर शिकत होते. साताऱ्यात त्यांना वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे आणि शिपाई हजर नसला तर पाणीही मिळत नसे. कोलंबियात ते कोणाच्याही शेजारी बसू शकत होते. पण त्याच देशात कूपरबाईंचे विद्यार्थी गोऱ्या मुलांच्या शाळेत पाऊल टाकू शकत नव्हते. अमेरिका समजून घ्यायची तर या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवायला हव्यात.

नात्यातली पाच पोरकी मुलं अंगावर पडली आणि बाईंचं कोलंबिया सुटलं. तरी १९२५ मध्ये, ६६ व्या वर्षी, पॅरिसच्या सोरबॉनची डॉक्टरेट त्यांनी मिळवलीच. विषय होता फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली गुलामगिरी. पुढे दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी त्यांनी रात्रीचे वर्ग चालवले, तेही स्वतःच्या घरात. १९६४ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या, वय १०५. भेदभावाला देशभर बंदी करणारा कायदा त्याच वर्षी जुलैत झाला.

बाबासाहेबांचा शाळाप्रवेश दिन, ७ नोव्हेंबर, आपण विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी आपल्या जावळी तालुक्यातल्या गुरुजी-बाईंनी मुलांना कूपरबाईंचीही गोष्ट सांगावी, एवढी विनंती.