गिटारचा टवका आणि श्रावकाची जयणा

चातुर्मास जवळ आला की पाठशाळांमधून स्तवनांचा सराव सुरू होतो. पूर्वी त्या सरावाला पेटी आणि झांजा पुरत असत. आता घरातील तरुण मुलामुलींच्या खांद्यावर गिटारही दिसू लागली आहे. हे वाद्य नाजूक असते. दाराच्या चौकटीला आपटले की लाकडाला पोचा पडतो, फरशीवर घसरले की कडेच्या पॉलिशचा टवका उडतो. मग घरात दोन मते ऐकू येतात: नवी घ्यावी, किंवा आहे तशीच वाजवावी. यापेक्षा वेगळा, कमी खर्चाचा आणि अपरिग्रहाला अधिक जवळचा मार्ग म्हणजे घरातील साधनांनी केलेली दुरुस्ती. मात्र जैन घरात या दुरुस्तीपूर्वी आणखी एक प्रश्न उभा राहतो. ज्या पदार्थाने खड्डा बुजवायचा, तो पदार्थ आला कोठून?

प्रथम वाद्याची अवस्था नीट पाहावी. पोचा आणि टवका या दोन भिन्न गोष्टी आहेत. पोच्यात लाकडाचे तंतू दबलेले असतात, पण लाकूड जागेवरच असते. टवक्यात वरच्या लेपाचा तुकडाच निघून गेलेला असतो. तिसरा प्रकार तड्याचा. लाकूड चिरले असेल, तारा ज्यावर बांधतात तो पूल उचलला गेला असेल किंवा मानेचा सांधा हलत असेल, तर घरी प्रयोग न करता वाद्य जाणत्या कारागिराकडे न्यावे. स्टीलच्या सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे 70 किलो असतो. चुकीच्या जागी सैल झालेला सांधा हा भार सोसू शकत नाही. म्हणूनच कोणतेही काम करण्यापूर्वी तारा सैल कराव्यात.

दबलेले तंतू ओलावा आणि उष्णता मिळाली की फुगून पुन्हा वर येतात, हे सुतारांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. जुन्या धोतराचा सुती तुकडा गाळलेल्या पाण्यात भिजवून घट्ट पिळावा, त्याची घडी पोच्यावर ठेवावी आणि गरम इस्त्रीचे टोक तीन-चार सेकंद टेकवून उचलावे. एवढ्याने पोचा पुरता भरला नाही, तर थांबून पुन्हा करावे. नंतर वाद्य एक दिवस सुकू द्यावे. ही युक्ती उघड्या लाकडावर किंवा अगदी पातळ लेपावर चालते. बाजारातील बहुसंख्य चकचकीत गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पीयूचा जाड थर असतो. त्यातून वाफ आत शिरत नाही. लाखेच्या किंवा नायट्रोसेल्युलोजच्या लेपावर वाफेने पांढरे डाग पडतात. स्वस्त गिटारींचे अंग प्लायचे असते, त्याचे थर उष्णतेने सुटू शकतात. सांध्यांजवळ आणि पुलाजवळ तर इस्त्री नेऊच नये, कारण तेथील गोंद उष्णतेने मऊ होतो.

लेप कोणता आहे हे ओळखण्यासाठी न दिसणारी जागा निवडावी. कापसाच्या बोळ्याने तेथे स्पिरिटचा थेंब लावला आणि पृष्ठभाग चिकट झाला, तर लेप लाखेचा आहे. स्पिरिटने काही झाले नाही, पण थिनरने तो मऊ पडला, तर नायट्रोसेल्युलोजचा समजावा. दोन्हींचा परिणाम झाला नाही, तर पॉलिएस्टर किंवा पीयू असण्याचा संभव अधिक.

टवका भरण्याचे काम अधिक संयमाचे आहे. जागा कोरडी व स्वच्छ करून, लाकूड दिसत असल्यास जुळत्या रंगाच्या मार्करने ते हलकेच रंगवावे. मग टाचणीच्या किंवा टूथपिकच्या टोकाने झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एकेक थेंब सोडावा. प्रत्येक थर आपोआप वाळू द्यावा, आणि भरलेला भाग आजूबाजूच्या लेपापेक्षा किंचित वर आला की थांबावे. ब्लेडच्या दोन्ही टोकांना टेप गुंडाळून मध्ये थोडीशीच धार मोकळी ठेवावी. टेप लेपावर टेकून राहते आणि धार फक्त उंचवटा खरवडते. त्यानंतर खोडरबरावर वॉटर पेपर गुंडाळून 800, मग 1200, शेवटी 2000 क्रमांकाने, साबणाच्या थेंबभर पाण्यासह घासावे. अखेरीस पांढऱ्या टूथपेस्टने, मऊ कापडाने चमक आणावी. तिच्यातील बारीक कण पॉलिशचेच काम करतात. एक सावधगिरी महत्त्वाची: सांडलेला हा गोंद सुती कापडाने किंवा कापसाने पुसू नये. कापसाशी संयोग होताच तो एकदम तापतो, धूर येतो आणि हात भाजू शकतो. त्याच्या वाफा डोळ्यांना झोंबतात, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

आता मूळ प्रश्नाकडे. सुताराकडे गेल्यास तो कदाचित चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून टवका भरील. उत्तम दर्जाच्या अनेक क्लासिकल गिटारींना आजही लाखेचेच पॉलिश असते आणि त्याची झळाळी निर्विवाद आहे. परंतु लाख हा झाडाचा डिंक नव्हे. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर वसलेल्या सूक्ष्म किड्यांचा तो स्राव आहे. झारखंड व छत्तीसगडमध्ये तिचे मोठे उत्पादन होते. फांद्या खरवडून, ती लाख कुटून, धुऊन, तापवून गाळली जाते, आणि या क्रियेत असंख्य जीव नष्ट होतात. आपल्या शास्त्रकारांनी हे फार पूर्वी ओळखले होते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत, म्हणजे मोठ्या हिंसेच्या व्यवसायांत, लाक्षावाणिज्य स्पष्टपणे येते. त्याच यादीत दंतवाणिज्यही आहे, आणि जुन्या गिटारींत तारा टेकण्याच्या पट्ट्या हस्तिदंताच्या असत. आज त्या हाडाच्या किंवा प्लास्टिकच्या असतात. बदलण्याची वेळ आली, तर कोणती बसवायची हे विचारून घेता येते.

सांधे जोडणाऱ्या गोंदाचेही तसेच. एके काळी सुतार जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून उकळून काढलेला सरस वापरीत. महुव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत व्यवसाय उभारलेल्या बळवंत पारेख यांनी 1959 साली फेविकॉल हा कृत्रिम राळेचा पांढरा गोंद बाजारात आणला आणि सुताराच्या चुलीवरचे सरसाचे भांडे हळूहळू उतरले. व्यापाऱ्याने एक पर्याय उपलब्ध करून दिला, तर संपूर्ण धंद्याची सवय कशी बदलते, याचे हे उदाहरण आपल्या घरांना विशेष जवळचे वाटेल.

घरातील इतर वस्तूही डोळे मिटून वापरू नयेत. रंगीत गिटारीसाठी नेलपॉलिश सुचवले जाते. त्यातील द्रावक पॉलिएस्टरवर सहसा चालते, परंतु लाखेचा किंवा नायट्रोसेल्युलोजचा लेप विरघळवते. शिवाय काही चमकदार नेलपॉलिशमधील मोत्यासारखी झाक माशांच्या खवल्यांतून मिळवलेली असू शकते आणि काही प्रसाधनांतील लाल रंग किड्यांपासून बनतो. टूथपेस्ट निवडताना वेष्टनावरील हिरवा ठिपका पाहावा. चमकेसाठी मेण हवेच असेल, तर मधमाश्यांच्या मेणाऐवजी कार्नौबा या ताडवर्गीय झाडाच्या पानांचे मेण मिळते. कृत्रिम गोंद आणि पीयू पूर्णपणे निर्दोष आहेत असे नाही. त्यांच्या वाफा आणि कचरा यांचाही भार पृथ्वीवर पडतोच. म्हणून जितके लागेल तितकेच वापरावे.

ज्या घरातील गिटारला आधीच लाखेचे पॉलिश आहे, त्या घराने ती टाकून देण्याचे कारण नाही. टाकून दिल्याने गेलेले जीव परत येत नाहीत; उलट नव्या वस्तूसाठी नवी हिंसा घडते. आहे ते जपावे आणि पुढची निवड डोळसपणे करावी. हार्डवेअरचे, रंगांचे किंवा वाद्यांचे दुकान असलेल्या आपल्या कुटुंबांनी डब्यात नेमके काय आहे हे स्वतः जाणून घेतले आणि विचारणाऱ्या ग्राहकाला खरे सांगितले, तर तीही जयणाच ठरेल.

दुरुस्त केलेली जागा तिरप्या उजेडात थोडी दिसतेच. एवढ्याशा खुणेने स्वर बिघडत नाही. ज्या मुलाने किंवा मुलीने दोन संध्याकाळ बसून तो टवका स्वतः भरला, त्याला किंवा तिला पुढच्या वेळी गिटार पिशवीत घालून न्या, असे सांगावे लागत नाही.