*ड्रायरच्या स्क्रीनवर ‘ओपन’ आलं? वायर पिळून कोड घालवू नका*



मका ड्रायरवर यायला लागलाय. म्हणून आज खत-फवारणीऐवजी भट्टीच्या तापमान सेन्सरबद्दल बोलू.

आधी माझीच चूक सांगतो. मागच्या हंगामात रात्री एका सभासदाचा फोन आला. म्हणाले, "साहेब, स्क्रीनवर ओपन येत होतं, भट्टीचा पंखा बंद पडला होता. पोराने सेन्सरच्या जागी वायरचा तुकडा लावला, आता ३१ दाखवतंय." मी म्हटलं, "आकडा येतोय ना, मग चालू ठेवा." सकाळी खालच्या थराचा मका तपकिरी झाला होता, करपट वास येत होता. व्यापाऱ्याने भाव पाडला. आग लागली नाही, हे नशीब.

*कोड नेमकं काय सांगतो?*
‘ओपन’, ‘एरर’ किंवा लुकलुकणारा आकडा. कंपनीप्रमाणे अक्षरं बदलतात, अर्थ मॅन्युअलमध्ये असतो. बहुतेक वेळा मशीन एवढंच सांगतं की "मला तापमान दिसत नाही." वायर तुटली की बरेच कंट्रोलर तापमान खूप वाढलंय असं धरतात आणि भट्टीची हवा तोडतात. म्हणजे भट्टी थांबणं हा बिघाड नाही, ती आपली सुरक्षा आहे.

*वायर पिळल्यावर ३१ का आलं?*
भट्टीत बहुधा थर्मोकपल असतो. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात. टोक तापलं की अगदी बारीक व्होल्टेज तयार होतं, के-टाइपमध्ये अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. कंट्रोलर त्यावरून आकडा काढतो. टर्मिनलवर साधी वायर जोडली की व्होल्टेज शून्य होतं आणि कंट्रोलर स्वतःच्या पेटीजवळचं तापमान दाखवतो. त्याला वाटतं भट्टी गार आहे, म्हणून तो हवा देतच राहतो. कोड गेला, पण मशीन आंधळंच राहिलं.

*कोड आला की लगेच काय करायचं?*
१) भट्टीत नवं जळण टाकू नका. भट्टीची हवा बंद करा.
२) दाण्यात हवा सोडणारा मोठा पंखा चालू ठेवा. आतली उष्णता बाहेर निघू द्या.
३) ⚠️ दाण्यातून धूर किंवा जळका वास येत असेल तर मात्र तो पंखाही लगेच बंद करा. हवा मिळाली की आग भडकते. माणसं बाजूला घ्या, मदत बोलवा.

*भट्टी गार झाल्यावर तपासणी*
मेन स्विच बंद करूनच पेटी उघडा. शेजारच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट असू शकतात.
▪️ आधी स्क्रू घट्ट आहेत का, वायर उंदराने कुरतडली का, भट्टीला चिकटून वितळली का, ते बघा. सेन्सर बदलण्याआधी हे बघितलं तर खर्च वाचतो.
▪️ सेन्सर कंट्रोलरमधून सोडवून मल्टीमीटरने ओहम मोजा. थर्मोकपलला थोडेच ओहम दिसायला हवेत. काहीच दाखवत नसेल तर तार तुटली.
▪️ तीन वायरचा सेन्सर बहुधा पीटी-१०० असतो. एकाच रंगाच्या दोन वायरींत जवळजवळ शून्य, आणि वेगळ्या रंगाच्या वायरीशी ३० अंशांना सुमारे ११२ ओहम यायला हवेत.
▪️ थर्मोकपलची वायर वाढवायची तर त्याच टाइपची खास केबल घ्या. साध्या तांब्याच्या वायरने आकडा चुकतो.
▪️ भट्टी तापताना आकडा उतरत असेल तर प्लस-मायनस उलटं लागलंय.

*कोड न येताही आकडा खोटा असू शकतो*
केबल मध्येच वितळून दोन तारा चिकटल्या तर थर्मोकपल त्या जागेचं तापमान दाखवतो. कोड येतच नाही. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला सेन्सरचं टोक उकळत्या पाण्यात धरा. समुद्रकाठी १०० च्या, आपल्या पठारावर ९८ च्या आसपास आकडा यायला पाहिजे. टोकावर राख-काजळी बसली असेल तर पुसून घ्या, नाहीतर आकडा उशिरा बदलतो.

बियाण्याचा मका किंवा सोयाबीन असेल तर जास्तच जपा. दाणा ४३ अंशांच्या वर तापला की उगवण घटते, आणि ते वरून दिसत नाही. पेरणीनंतरच कळतं.

कोड आला की स्क्रीनचा आणि वायरिंगचा फोटो काढून कंपनीच्या नंबरवर पाठवा. रात्री असला तरी पाठवा. या वेळी मी "चालू ठेवा" म्हणणार नाही. 🙏

ड्रायर चालवणाऱ्या मुलाला हा मेसेज जरूर वाचून दाखवा.