जुन्या चित्रांतील प्राचीन सृष्टी

शाळेच्या भिंतीवरील तक्त्यात महाकाय प्राणी व गुहेतील आदिमानव पाहिल्यावर एखादा चौकस विद्यार्थी विचारतो : हे चित्र काढणाऱ्याने तो प्राणी पाहिला होता काय? प्रश्न साधा असला तरी मार्मिक आहे. मानवाच्या उदयापूर्वी कोट्यवधी वर्षे नामशेष झालेले प्राणी कोणीही पाहिलेले नाहीत. चित्रकाराच्या हाती असतात ती खडकांत सापडलेली हाडे, दात आणि पावलांचे ठसे. बाकीचे सर्व अनुमान होय. युरोपात छापल्या गेलेल्या अशा जुन्या चित्रांचा इतिहास हा या अनुमानांचा आणि त्यांतील दुरुस्त्यांचा इतिहास आहे.

शिळाछापावरील सागर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिस या गावी मेरी अ‍ॅनिंग ही सुताराची मुलगी कड्यांतून जीवाश्म शोधून ते विकत असे. १८२३ साली तिला प्लेसिओसॉर या सागरी प्राण्याचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा सापडला. तिच्या शोधांच्या आधारे भूवैज्ञानिक हेन्री डी ला बेश यांनी १८३० मध्ये प्राचीन सागराचे चित्र रेखाटले. त्यात इक्थिओसॉरने प्लेसिओसॉरची लांब मान जबड्यात पकडलेली दिसते. जॉर्ज शार्फ यांनी ते शिळाछापावर उतरविले. त्याच्या प्रती विकून आलेली रक्कम अडचणीत सापडलेल्या मेरीला देण्यात आली. स्त्री असल्यामुळे तिला लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेचे सदस्यत्व मात्र मिळू शकले नाही.

नाकावरचे शिंग

इग्वानोडॉनची कथा अधिक बोधप्रद आहे. गिडिअन मँटेल यांनी १८२५ साली मुख्यतः दातांवरून या प्राण्याचे वर्णन केले. पुढे सापडलेले एक टोकदार हाड नाकावरील शिंग असावे, असे मानले गेले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानात १८५४ साली उभारलेल्या प्रतिकृतींतही गेंड्यासारखे ते शिंग आहे. १८७८ मध्ये बेल्जियममधील बर्निसार येथे कोळशाच्या खाणीत ३२२ मीटर खोलीवर या प्राण्याचे अनेक सांगाडे सापडले. लुई दोलो यांनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा ते शिंग नसून अंगठ्याचे हाड असल्याचे निश्चित झाले. पुढील चित्रांतून शिंग नाहीसे झाले.

वाकलेला माणूस

आदिमानवाच्या चित्रांतील चूक मात्र अधिक काळ टिकली. फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे १९०८ साली निअँडरथल मानवाचा सांगाडा मिळाला. १९०९ मध्ये एका फ्रेंच साप्ताहिकात फ्रांतिशेक कुप्का यांनी त्याचे चित्र काढले : केसाळ, वाकलेला, हाती सोटा घेतलेला, वानरसदृश प्राणी. १९११ साली एका इंग्रजी साप्ताहिकात अमेदे फोरेस्तिए यांनी निअँडरथल मानव शेकोटीपाशी शांतपणे बसलेला दाखविला. मानव तोच, परंतु एका चित्रात पशू, तर दुसऱ्यात माणूस. १९५७ साली झालेल्या पुनर्तपासणीत तो सांगाडा संधिवाताने जर्जर झालेल्या प्रौढ पुरुषाचा असल्याचे दाखविण्यात आले. एका आजारी माणसाचे वाकणे संपूर्ण जातीचे लक्षण ठरविले गेले होते. तरीही रानटी गुहामानवाची ती प्रतिमा लोकांच्या मनातून अद्याप पुरती गेलेली नाही.

वर्गातील उपयोग

मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यातील हथनोरा येथे नर्मदेच्या खोऱ्यात १९८२ साली प्राचीन मानवाच्या कवटीचा वरचा भाग सापडला. चेहरा व जबडा मिळालेला नाही. त्यामुळे या नर्मदा मानवाच्या कोणत्याही चित्रातील नाक, ओठ आणि कातडीचा रंग अनुमानानेच रेखाटलेला असणार, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

यावरून जुनी चित्रे टाकाऊ ठरत नाहीत. उपलब्ध पुराव्यातून त्या काळच्या विद्वानांनी काय जाणले, हे ती सांगतात. शिक्षकांनी असे चित्र दाखविताना विद्यार्थ्यांपुढे दोन प्रश्न ठेवावेत : यातील कोणते अवयव प्रत्यक्ष सापडले आणि कोणते कल्पनेने जोडले? नवा पुरावा मिळाल्यावर आपले चित्र पुसून पुन्हा काढण्याची तयारी, हेच विज्ञानाचे खरे बळ होय.