जातीचा रकाना आणि मतदारसंघाची रेघ

फेब्रुवारी २०११ मध्ये जनगणनेच्या कामावर माझी नेमणूक झाली होती. अमरावती जिल्ह्यातील एका खेड्यात मी तेव्हा शिक्षक होतो आणि गावाच्या कडेची बौद्ध वस्ती माझ्याच वाट्याला आली होती. एका घरी ऐंशीच्या घरातले एक आजोबा ओट्यावर बसले होते. घरातल्या सात माणसांची नावे, वये लिहून झाली. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले. पुढचा रकाना अनुसूचित जातीचा. यादीतले जातीचे नाव मी विचारले, तसे ते ताठ बसले. म्हणाले, "गुरुजी, थे नाव या घरात कोनी घेत नाही. छप्पन साली नागपूरले गेलो, तिथंच सोडून आलो. बुद्ध लिहा, बस."

मीही त्याच समाजातला. त्यांचे बोलणे ऐकून मला अभिमान वाटला. त्यांनी सांगितले तेच मी लिहिले. नियम असा की अनुसूचित जातीची नोंद यादीतील जातीच्या नावानेच होते. नाव नाही तर नोंद नाही. त्या घरची सात माणसे बौद्धांत मोजली गेली, अनुसूचित जातीत मोजली गेली नाहीत. त्या सात माणसांचा आणि आपल्या मतदारसंघाच्या सीमेचा काही संबंध असेल, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही. तो संबंध पुढे मला अभ्यासाने कळला. आपल्या कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना तो कळावा म्हणून हे लिहितो आहे.

मतदारसंघ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नकाशा येतो : हा तालुका इकडे, तो तिकडे. परंतु नकाशावरची रेघ नंतर येते. आधी येतो आकडा. घटनेच्या ३३० व्या कलमानुसार राज्याच्या एकूण लोकसंख्येत अनुसूचित जातींचे जे प्रमाण असेल, शक्य तितक्या त्याच प्रमाणात त्या राज्यातील लोकसभेच्या जागा राखीव ठेवायच्या असतात. विधानसभेसाठी हेच ३३२ वे कलम सांगते. म्हणजे राखीव जागा किती, हे जनगणनेच्या त्या एका रकान्यावर ठरते. आणि त्या रकान्यात कोणाला धरायचे, हे ठरवतो राष्ट्रपतींचा १९५० चा अनुसूचित जाती आदेश.

महाराष्ट्राची कहाणी इथेच इतर राज्यांहून वेगळी होते. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीची व्यक्ती हिंदू असली पाहिजे, अशी अट होती. १९५६ मध्ये शीख धर्मीयांना त्यात घेतले गेले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि लाखो माणसे त्यांच्या मागे गेली. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २८ लाख बौद्ध मोजले गेले. त्याच जनगणनेत राज्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण अवघे ५.६ टक्के भरले. माणसे तीच, वस्त्या त्याच, विहिरीवरची वागणूकही तीच. पण कागदावर निम्मा समाज नाहीसा झाला होता.

याचा अर्थ काय होतो, हे नागपूरनेच लवकर पाहिले. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत डॉ. डी. पी. मेश्राम नागपुरातील एका राखीव मतदारसंघातून निवडून आले. त्यांनी १९५७ मध्ये बौद्ध धर्म स्वीकारला होता, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा दावा विरुद्ध बाजूने केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ मध्ये न्यायालयाने तो दावा मान्य केला. ज्यांनी बाबासाहेबांची हाक ऐकली, त्यांनी राखीव जागेवर उभे राहायचे नाही, असा त्या निकालाचा व्यवहारातला अर्थ झाला. राज्य सरकारने शिक्षणात आणि नोकरीत नवबौद्धांना सवलती दिल्या. परंतु लोकसभेची आणि विधानसभेची जागा राष्ट्रपतींच्या आदेशावर अवलंबून होती. तिथे राज्याचे काही चालत नव्हते.

१९७१ च्या जनगणनेत अनुसूचित जाती सुमारे ३० लाख म्हणजे ६ टक्के, आणि बौद्ध सुमारे ३२ लाख ६४ हजार म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या जवळ. लोकसभेच्या ४८ जागांचे ६ टक्के म्हणजे ३. म्हणून १९७७ पासून आपल्याकडे बुलढाणा, उस्मानाबाद आणि पंढरपूर असे तीनच राखीव मतदारसंघ राहिले. विधानसभेच्या २८८ पैकी १८. दोन्ही आकडे एकत्र धरले असते, तर प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या आसपास गेले असते. म्हणजे लोकसभेच्या ६ आणि विधानसभेच्या ३६ जागा. हा ढोबळ हिशेब आहे, पण तो पुरेसा बोलका आहे. धर्मांतराची किंमत म्हणून निम्म्या जागा गेल्या, आणि त्या कोणी हिसकावल्याचा गलकाही झाला नाही. रकान्यानेच ते काम केले.

१९९० मध्ये कायदा बदलला आणि बौद्धांना अनुसूचित जातीत स्थान मिळाले. लढा जिंकला असे आपण म्हणालो आणि ते खरेही होते. पण मतदारसंघाची रेघ लगेच हलली नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी गोठवून ठेवली होती. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने राज्याराज्यांतील जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशीच ठेवली. फक्त राज्याच्या आतल्या सीमा आणि राखीव जागा बदलण्याची वाट मोकळी केली. २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने त्यासाठी २००१ ची जनगणना धरली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने काम केले आणि २००८ मध्ये नवी रचना अमलात आली. २००१ मध्ये राज्यातील अनुसूचित जातींचे प्रमाण १०.२ टक्के होते. त्या हिशेबाने लोकसभेच्या ३ च्या ५ जागा झाल्या : अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर. विधानसभेच्या १८ च्या २९ झाल्या. कायदा १९९० चा, जागा २००९ च्या निवडणुकीत. मधली १९ वर्षे कोणाच्या हिशेबात धरायची?

आता रेघेकडे वळू. जागा किती हे ठरल्यावर त्या कुठे, हा प्रश्न येतो. २००२ च्या परिसीमन कायद्याचे नववे कलम प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा तरी वाचावे. त्यात जमातींसाठी एक नियम आहे आणि जातींसाठी दुसरा. जमातींच्या जागा त्यांचे प्रमाण सर्वांत जास्त असेल तिथे ठेवायच्या. जातींच्या जागा मात्र राज्याच्या निरनिराळ्या भागांत विखरून, त्यातल्या त्यात प्रमाण जास्त असेल तिथे. आदिवासी डोंगरात एकवटून राहतात, म्हणून नंदुरबारसारख्या मतदारसंघात त्यांचे बहुमत होते. आपला समाज प्रत्येक गावाच्या कडेला आहे आणि कोणत्याही गावात बहुसंख्य नाही. गावकुसाबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेनेच आपला मतदारसंघ आधी विस्कटून ठेवला. कायद्याने तो विस्कटलेलाच धरला. महाराष्ट्रात लोकसभेचा एकही राखीव मतदारसंघ असा नाही की जिथे अनुसूचित जातींचे मतदार बहुसंख्य आहेत. उमेदवार आपल्यातला, पण त्याला निवडणारे बहुतेक दुसरे.

हे दुखणे २००८ चे नाही. पुणे कराराने (१९३२) स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघातल्या राखीव जागा आल्या, तेव्हापासूनचे ते आहे. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबई हा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता : एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि सगळे मतदार एकत्र. तिथे राखीव जागेवर नारायणराव काजरोळकरांना १,३८,१३७ मते पडली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. घटनेचा शिल्पकार १४,५६१ मतांनी पडला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच घडले. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. म्हणूनच १९५५ मध्ये भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तकात बाबासाहेबांनी दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा, असा उपाय सुचवला. अल्पसंख्य समाजाने मते एकवटली, तर दुसऱ्या कोणाच्या मर्जीविना त्याचा माणूस निवडून येऊ शकला असता.

तो उपाय कोणी घेतला नाही. उलट १९६१ मध्ये दोन सदस्यांचे मतदारसंघच रद्द झाले. त्याआधीचा एक प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९५७ मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम या दोन सदस्यांच्या मतदारसंघात मतांच्या जोरावर दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनी जिंकल्या आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. गिरी न्यायालयात गेले. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राखीव समाजाचा माणूस सर्वसाधारण जागाही जिंकू शकतो. त्या निकालानंतर दोन वर्षांत ती पद्धतच गेली.

सर्वसाधारण जागा आपल्याला बंद आहेत, असे मात्र कोणी समजू नये. १९९८ मध्ये रिपब्लिकन नेते प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले. चारही मतदारसंघ त्या वेळी सर्वसाधारण होते. काँग्रेसबरोबरची युती होती हे खरे. पण ते चौघे आपापल्या चळवळीची नावे घेऊन गेले होते. राखीव जागा हे प्रतिनिधित्वाचे दार आहे, सगळे घर नव्हे.

तरी दार मोजून घेतले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के होत्या. त्या प्रमाणात विधानसभेच्या ३४ जागा होतात. त्याच जनगणनेत राज्यात ६५ लाखांवर बौद्ध होते. त्यांपैकी अनुसूचित जातीत नोंदले गेले सुमारे ५२ लाख. उरलेल्या १३ लाखांत काही मूळचे अन्य समाजातील असतील. पण कित्येकांनी त्या आजोबांसारखेच उत्तर दिले असणार आणि कित्येक गुरुजींनी माझ्यासारखेच लिहून घेतले असणार. हे १३ लाख धरले तर प्रमाण १३ टक्के होते आणि ३४ च्या जागी ३७. तीन मतदारसंघ आपण आपल्याच हाताने कोरे सोडतो.

पुढची फेररचना आली की दोन गोष्टी करायच्या. पहिली जनगणनेच्या वेळी. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना २०२५ मध्ये निघाली आणि तीत सर्व जातींची मोजणी करण्याचे ठरले. वस्तीवस्तीत आधी सांगितले पाहिजे : धर्म बौद्ध, आणि अनुसूचित जातीच्या प्रश्नाला यादीतले नाव. दुसरी गोष्ट आयोगाच्या वेळी. आजवरच्या पद्धतीप्रमाणे आयोग आधी मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. राज्यातले दहा आमदार-खासदार सहयोगी सदस्य असतात; त्यांना मत नसते, पण त्यांचा आवाज पोचतो. आपण बोलायचे ते याच वेळी. अंतिम आदेशाला न्यायालयात आव्हान नाही, असे ३२९ वे कलम सांगते, आणि उज्जैनच्या एका मतदारसंघावरून १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटले. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने उघड मनमानी असेल तर दाद मागता येईल, एवढी फट ठेवली. फटीवर विसंबून सुनावणी चुकवू नये. तालुक्याचा नकाशा, गावनिहाय अनुसूचित जातींचे आकडे आणि लेखी हरकत घेऊन माणसे तिथे गेली पाहिजेत.

त्या आजोबांना मी आज काय सांगेन, याचा विचार पुष्कळ वेळा केला आहे. त्यांचा ताठा मला आजही मोडवणार नाही. मी म्हणेन, बाबा, तुमचा धर्म वरच्या रकान्यात लिहिला आहे आणि तो कोणी खोडू शकत नाही. हा खालचा रकाना आपली ओळख विचारत नाही. आपल्यावर काय लादले गेले होते, त्याची ती नोंद आहे, आणि त्या नोंदीवर आपला हिस्सा ठरतो. येणेदाराने आपल्या वहीतली थकबाकी लाजेने खोडायची नसते. लिहू द्या. एवढे ऐकूनही त्यांनी 'नाही' म्हटले, तर मी पुन्हा त्यांनी सांगितले तेच लिहीन. पण तेव्हा ते जाणून 'नाही' म्हणतील. २०११ मध्ये मी त्यांना तेवढेही सांगितले नव्हते.