बरोबर की जवळपास?

मी बनवलेल्या वेब पानावर सुरुवातीला चार चौकोन होते. पहिल्यात एक प्रयोग कसा करायचा ते लिहायचं: तीन फासे टाका. दुसऱ्यात यश कशाला म्हणायचं: बेरीज १०. तिसऱ्यात किती वेळा. चौथ्यात वहीत काढलेलं स्वतःचं उत्तर. बटण दाबलं की फोन फासे टाकू लागतो आणि पापणी लवायच्या आत दहा हजार फेका संपतात. मग तीन आकडे दिसतात: यशाचं प्रमाण, प्रमाण त्रुटी (म्हणजे हे प्रमाण निव्वळ योगायोगाने साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतं), आणि वहीतलं उत्तर त्या प्रमाणापासून किती प्रमाण त्रुटी लांब आहे. बरोबरची खूण किंवा फुली कुठेच उमटत नाही. पेडण्यातल्या माझ्या बारावीच्या मुलांना ही सुरुवातीला लबाडीच वाटते. त्यात बटण पुन्हा दाबलं की आकडा बदलतो. "सर, फोन फटयता," असं एकाने जाहीरही करून टाकलं.

खूण मी मुद्दाम ठेवलेली नाही. संख्याशास्त्राच्या गृहपाठाला खूण करणं हाच मुळात संख्याशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो मुलांनीच सोडवावा असं मला वाटतं.

तीन फाशांचंच घ्या. बेरीज ९ सहा प्रकारे होते, १० सुद्धा सहाच प्रकारे. तीन फाशांचे एकूण प्रकार ५६. त्यामुळे दोन्हींची संभाव्यता ६ भागिले ५६, म्हणजे ०.१०७, असं उत्तर घेऊन निम्मा वर्ग येतो. सतराव्या शतकात इटलीतले जुगारीही असंच मोजत होते. पण १० जरा जास्त वेळा पडतो हे त्यांच्या अनुभवाला आलं होतं. हे कोडं गॅलिलिओकडे गेलं. त्याने दाखवलं की ३-३-३ एकाच रीतीने पडतं, तर १-३-६ सहा रीतींनी. मोजायच्या त्या २१६ रीती. त्यांत ९ च्या २५ आणि १० च्या २७.

मुलं पानावर १० ची बेरीज शंभर फेकांनी तपासतात तेव्हा प्रमाण त्रुटी ०.०३३ एवढी मोठी येते. अशा चाळणीतून चुकीचं उत्तर सहज निसटतं. दहा हजार फेकांना ती ०.००३३ होते आणि ०.१०७ हे उत्तर पाचेक प्रमाण त्रुटी लांब जाऊन पडतं. फेका शंभरपट, त्रुटी दहावा भाग. हे सूत्र फळ्यावर मी कितीदा तरी लिहिलं असेल. मुलांच्या डोक्यात ते शिरलं ते फोनवर. आपल्याला दशांशचिन्हानंतर आणखी एक अचूक अंक हवा असेल, तर शंभरपट मजुरी करावी लागते.

पुन्हा पुन्हा प्रयोग करून संभाव्यता काढायची ही युक्ती जुनीच आहे. १९४६ साली आजारातून उठलेला गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम एकट्याने पत्ते खेळत होता. डाव सुटण्याची संभाव्यता मोजता येईना, तेव्हा त्याच्या मनात आलं की शंभर डाव खेळून किती सुटले ते मोजावं. पुढे जॉन फॉन नॉयमनच्या साथीने हाच विचार न्यूट्रॉनच्या प्रवासाला लावला गेला आणि पद्धतीला मॉन्टे कार्लोच्या जुगारघराचं नाव मिळालं. मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटी माहीत असलेल्या मुलांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

डिचोलीच्या वर्गात वेगळी गंमत झाली. प्रश्न असा: एका घरात दोन मुलं आहेत, त्यांतली निदान एक मुलगी आहे, तर दोघीही मुली असण्याची संभाव्यता किती? मुलगा-मुलगी सारख्याच शक्यतेचे धरायचे. एकीने वहीत १/२ लिहिलं, पानावर यशाच्या चौकोनात "दोन मुली" लिहिलं आणि उत्तर आलं ०.२५ च्या आसपास. फोन चूक की आपण, यावर बराच वाद रंगला. शेवटी तिच्याच लक्षात आलं की दोन्ही मुलगे असलेली घरं आपण मोजणीत ठेवली. ती तर प्रश्नानेच बाद केली आहेत. दहा हजारांतली साधारण अडीच हजार घरं वगळली तर उरलेल्या साडेसात हजारांत अडीच हजार घरं दोन मुलींची. म्हणजे १/३. तेव्हापासून पानावर पाचवा चौकोन आला: कोणते प्रयोग टाकून द्यायचे. सशर्त संभाव्यतेच्या सूत्रात छेद कशाला असतो, हे त्या चौकोनाने माझ्यापेक्षा बरं शिकवलं.

पण प्रश्नच चुकीचा वाचला असेल तर हे पान काही करू शकत नाही. पिशवीतून काढलेला चेंडू परत न ठेवता दुसरा काढायचा असेल, आणि मुलाने वहीत व पानावर दोन्हीकडे तो परत ठेवला, तर उत्तरं सुरेख जुळतात. म्हणून मी वही आधी बघतो, फोन नंतर.

तीन फाशांचा धडा चालू असताना मागच्या बाकावरून मटक्याचा विषय निघणं पेडण्यात अटळच. शून्य ते नऊमधले तीन आकडे म्हणजे एक पत्ती; क्रम सोडला तर अशा पत्त्या २२०. म्हणजे प्रत्येकीची संभाव्यता १/२२०? तिन्ही आकडे स्वतंत्रपणे निघतात असं धरलं, तर तिन्ही वेगळे असलेली सिंगल पत्ती हजारांत सहा वेळा, डबल तीन वेळा, ट्रिपल एकदा. तशा १२०, ९० आणि १० पत्त्या. सगळं मिळून बरोबर हजार. मटका घेणारा डबलला सिंगलपेक्षा आणि ट्रिपलला डबलपेक्षा जास्त दर देतो, तेव्हा गॅलिलिओचा हिशेब त्याला न वाचताच ठाऊक असतो. पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा हे वर्गाला लवकर पटलं.

आकडे स्वतंत्र निघतात हे धरणंही फुकटचं नसतं. गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५८ मध्ये यू. व्ही. आर. राव यांच्याबरोबर एक निबंध लिहिला तो याच शंकेवर: पत्ते पिसल्याने ते खरोखर किती मिसळतात? फोनचे यादृच्छिक आकडेही सूत्रातूनच निघतात. गृहपाठापुरते ते चालतात इतकंच.

एका मुलीने ७-७-७ ही पत्ती हजार सोडतींत शोधली. एकदाही आली नाही. संभाव्यता हजारात एक आहे, मग एकदा तरी यायलाच हवी, असं तिचं म्हणणं. मी तिला ०.९९९ चा हजारावा घात काढायला सांगितला. आला ०.३६८. म्हणजे हजार सोडती करणाऱ्या तिघांतल्या एकाहून जास्त जणांना ती दिसणारच नाही. तिचा विश्वास बसेना. मग तिने स्वतःच पानावर नवा प्रयोग लिहिला: तीन आकडे हजार वेळा काढा, यश म्हणजे एकदाही ७-७-७ नाही, हे सगळं दहा हजार वेळा. एकूण सोडती एक कोटी. फोन जरा अडकला. उत्तर आलं ०.३७१, प्रमाण त्रुटी ०.००५.