जुन्या मोटारीचें एंजिन व पुढील स्प्रिंगा

प्रीमिअर पद्मिनी ही मोटार नांदेड व लातूर येथील आमच्या वाचकांच्या वडील मंडळींस परिचित असेलच. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापिलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होत असे. आतां कांहीं हौशी लोक अशा जुन्या मोटारींत दुसरें जड एंजिन बसविण्याचा किंवा एंजिनाची जागा बदलण्याचा मनसुबा करितात. त्याचा पुढील स्प्रिंगांशीं काय संबंध आहे, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

प्रथम तरफेचा नियम आठवावा. दोन आंसांमध्यें २४० सेंटिमीटर अंतर असून १५० किलो वजनाचें एंजिन पुढील आंसाच्या २४ सेंटिमीटर मागें आहे, असें समजा. त्याचा १३५ किलो भार पुढील चाकांवर व १५ किलो मागील चाकांवर पडेल. तें आंसाच्या बरोबर वर आणल्यास सर्व भार पुढें येईल. आंसापुढें २४ सेंटिमीटर सरकविल्यास पुढील भार १६५ किलो होऊन मागील चाकें उलट १५ किलोंनीं हलकीं होतील.

पूर्वीच्या बहुतेक मोटारींत एंजिन पुढील आंसाच्या मागें असे, दोन्ही पुढचीं चाकें एकाच अखंड आंसाला जोडलेलीं असत व पुढील स्प्रिंगा ताठ असत. त्यामुळें मागें बसणारास फार हिसके बसत. मॉरिस ऑली या इंग्रज एंजिनिअरानें १९३२ मध्यें अमेरिकेंतील कॅडिलॅक कारखान्यांत एका मोटारीवर वजनें हालवून प्रयोग केले. पुढील स्प्रिंगा मागच्यांहून मऊ असाव्यात, असें त्यास आढळलें. त्याचें कारण असें : उंचवटा पुढील चाकांस आधीं लागतो व तो भाग सावकाश झुलूं लागतो. मागील भाग उशीरा झुलूं लागला तरी ताठ स्प्रिंगांमुळें जलद झुलून पुढच्यास गांठतो, आणि मोटार मान न हालवितां सपाट राहते. परंतु अखंड आंसाखालीं मऊ स्प्रिंगा घालतांच पुढचीं चाकें थरथरूं लागलीं. म्हणून प्रत्येक चाक स्वतंत्र टांगण्याची योजना निघाली व १९३४ च्या कॅडिलॅकमध्यें ती आली. त्याच वर्षीं क्रायस्लर एअरफ्लो मोटारींत एंजिन पुढील आंसावर आणून बैठका दोन आंसांच्या मध्यें घेतल्या गेल्या.

पद्मिनीचीं पुढचीं चाकेंही अशींच स्वतंत्र, वेटोळ्या स्प्रिंगांवर असतात. मागें पाटे असतात. तींत जड एंजिन घातल्यास पुढील स्प्रिंगा दबून चाकांस वर जाण्यास जागा कमी उरते. मग लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गानें नांदेडहून लातूरास जातांना एखादा गतिरोधक लागला, कीं लोखंडावर लोखंड आदळतें. स्टिअरिंग जड होतें, चाकांचा कल बिघडून टायर एका अंगानें झिजतात, व वाढलेला भार जुन्या ब्रेकांस झेपत नाहीं. केवळ ताठ स्प्रिंगा घातल्यास पुढचा भाग जलद झुलूं लागून मान हालविण्याचा जुना दोष परत येतो. म्हणून दोन्ही आंसांचें वजन काट्यावर निरनिराळें करून स्प्रिंगा, ब्रेक व चाकांचा कल यांचा हिशोब एकत्रच केला पाहिजे.

शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मूळ तपशीलाशीं विसंगत फेरफारास मनाई करितें. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारीस २०२१ च्या नियमांनीं विशेष नोंदणी मिळते, पण सांगाडा, साटा व एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसेल तरच. १९७४ सालच्या पद्मिनीनें ती पन्नाशी ओलांडली आहे. ज्यांच्या घरीं आजोबांची अशी मोटार असेल, त्यांनीं पाना हातीं घेण्यापूर्वीं या दोन्ही गोष्टींचा विचार करावा, एवढीच आमची सूचना आहे.