मैदान कुणाच्या मापाचं?

गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हिरवंगार गवत, पांढरी टोपी आणि कुठल्या तरी मोठ्या कंपनीचे साहेब! ‘आपला काय संबंध?’ म्हणून आपण पान उलटतो. पण मैत्रिणींनो, आज जरा थांबा. कारण ही गोष्ट खेळाची कमी आणि मापाची जास्त आहे. स्वयंपाकघरातला ओटा चुकीच्या उंचीचा झाला की कंबर कुणाची दुखते आणि बांधताना माप कुणाला विचारलेलं नसतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. गोल्फच्या मैदानाबद्दल नेमका हाच प्रश्न एका बाईने विचारला. तिचं नाव अ‍ॅलिस डाय.

टेनिसचं कोर्ट जगात कुठेही जा, एकाच मापाचं. गोल्फचं तसं नाही. अठरा होल, प्रत्येकाची लांबी वेगळी, वळण वेगळं. वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर कुठे, तळं कुठे, चेंडू जिथे अखेर पोचवायचा ते ‘ग्रीन’ केवढं, हे सगळं मैदानाचा रचनाकार ठरवतो. त्यामुळे डोनाल्ड रॉस, अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी, रॉबर्ट ट्रेंट जोन्स ही नावं या खेळात मोठ्या आदराने घेतली जातात. सगळी पुरुषांचीच!

बायका नव्हत्या असं मात्र नाही. मॅरियन हॉलिन्स ही १९२१ सालची अमेरिकेची हौशी महिला विजेती. कॅलिफोर्नियातलं ‘सायप्रस पॉइंट’ हे जगप्रसिद्ध मैदान उभं राहिलं ते तिच्या पुढाकाराने. तिथल्या सोळाव्या होलला चेंडू समुद्राच्या पाण्यावरून पलीकडे मारावा लागतो. ‘एवढं लांब कोण मारणार?’ अशी शंका निघाली, तेव्हा तिने चेंडू ठेवला आणि थेट पलीकडे टोलावला, असं सांगतात. मॅकेन्झीने या होलचं श्रेय तिलाच दिलं. मैदान मात्र आजही ओळखलं जातं ते मॅकेन्झीच्या नावाने.

अ‍ॅलिसचा जन्म १९२७ चा, इंडियानापोलिसचा. ती स्वतः उत्तम खेळाडू. १९५० मध्ये पीट डायशी लग्न झालं. दोघंही विमा विकायचे आणि पीटचा त्यात चांगला जम बसला होता. तो सोडून मैदानं बांधायची म्हणजे लोकांच्या दृष्टीने वेडेपणाच! पण दोघांनी संसारासारखंच हे कामही वाटून घेतलं.

१९६३ मध्ये दोघं स्कॉटलंडला गेले, तिथली जुनी मैदानं पायी फिरून पाहिली. लहान ग्रीन, विहिरीसारखे खोल बंकर, कडा धरून ठेवायला रेल्वेचे लाकडी स्लीपर. अमेरिकेत तेव्हा ट्रेंट जोन्सच्या पद्धतीची लांबच लांब, मोठमोठ्या ग्रीनची मैदानं बांधायची चाल होती. डाय दांपत्याने त्याच्या नेमकं उलट केलं. नुसत्या ताकदीपेक्षा नेम आणि डोकं चालवायला लावणारी मैदानं, हीच त्यांची ओळख झाली. साउथ कॅरोलिनातल्या १९६९ च्या ‘हार्बर टाऊन’मधलं तेरावं ग्रीन अ‍ॅलिसच्या कल्पनेतलं. लहानसं, वाळूने वेढलेलं आणि फळ्यांनी बांधून काढलेलं!

तिची सर्वांत गाजलेली कल्पना फ्लोरिडातली. तिथे १९८० मध्ये ‘टीपीसी सॉग्रास’ हे मैदान दलदलीत उभं राहिलं. भरावासाठी चांगली वाळू सापडली ती सतराव्या होलपाशी. मग काय, उपसा करता करता तिथे भला मोठा खड्डाच झाला. आता करायचं काय? अ‍ॅलिस म्हणाली, पाणी भरा आणि ग्रीन मधोमध बेटासारखं ठेवा. अंतर जेमतेम १३७ यार्ड, पण भलेभले व्यावसायिक खेळाडू तिथे आजही चेंडू पाण्यात घालवतात. पुढे १९९१ च्या ‘कियावा’च्या मैदानावर वाळूच्या टेकड्यांमागे समुद्र दिसेना, तेव्हा जमीन उंच करा हे तिनेच सुचवलं. समुद्र तर दिसलाच, शिवाय वाराही खेळायला आला!

पण माझ्या मते तिचं खरं मोठं काम या बेटाहूनही वेगळं आहे, आणि त्याचा कुठे फोटोसुद्धा निघत नाही. पहिला फटका जिथून मारतात त्या जागेला ‘टी’ म्हणतात. बायकांसाठी टी असायची, पण पुरुषांच्या पुढे थोड्याच अंतरावर. उदाहरणच घेऊ. होल ४०० यार्डांचा आहे. साधा हौशी पुरुष २२० यार्ड मारतो, म्हणजे दोन फटक्यांत ग्रीनवर. त्याच क्लबातली बाई १४० यार्ड मारते. तिला ३० यार्ड पुढे उभं केलं तरी तीन फटके लागणारच. वर बंकर आणि पाणी पुरुषाच्या फटक्याच्या हिशोबाने आखलेलं. मग सगळे म्हणणार, ‘बायकांना जमत नाही, उगाच वेळ घेतात.’ आणि बाईलाही ते खरं वाटायला लागतं!

अ‍ॅलिसचं म्हणणं साधं होतं. बायकांसाठी एक नव्हे, दोन टी ठेवा. एक चांगलं खेळणारीसाठी आणि दुसरी, आणखी पुढे, सर्वसाधारण खेळणारीसाठी. म्हणजे दुसऱ्या फटक्याला तिच्यापुढेही तोच विचार, तेच आव्हान येईल. ही सवलत नव्हती, बरं का. खेळ तोच, फक्त माप तिचं. १९८३ मध्ये ती अमेरिकेच्या गोल्फ रचनाकारांच्या संघटनेची पहिली महिला सदस्य झाली, १९९७ मध्ये पहिली महिला अध्यक्ष. तिथेही हा मुद्दा तिने लावून धरला.

गंमत पुढेच आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या गोल्फ संस्थांनी मोहीम काढली. आपल्या फटक्याच्या लांबीप्रमाणे पुढच्या टीवरून खेळा, असं त्यांनी सगळ्यांनाच सांगितलं. पुरुषांनासुद्धा! बायकांसाठी मागितलेलं माप शेवटी थकलेल्या आजोबांच्याही कामी आलं.

अ‍ॅलिस २०१९ मध्ये गेली आणि वर्षभरात, जानेवारी २०२० मध्ये, पीटही. पीट तिच्या वाट्याचं श्रेय मोकळेपणाने तिला द्यायचा, हेही नोंदवायला हवं. आपण गोल्फ खेळू न खेळू. पण घरातली लेक उद्या एखाद्या खेळाबद्दल, कामाबद्दल ‘आई, मला नाही जमत गं’ म्हणाली, तर तिला लगेच ‘आणखी जोर लाव’ म्हणू नका. आधी बघा, तिला उभं कुठे केलंय!